एलिशा पेंबर्थीची किटली

ॲडलेडकडच्या मूंटा या खाणगावात कुणाच्या घरची किटली गळायला लागली की घरातली बाई ती शेजारणीला दाखवायची आणि शेजारीण हमखास म्हणायची, "एलिशाकडे दे की. फक्त हरवू नको म्हणावं." दोघी हसायच्या, आणि ती किटली खाणीच्या लोहारसाळेत एलिशा पेंबर्थीच्या ऐरणीशेजारी येऊन बसायची. एलिशाचं खरं काम खाणीतल्या पहारींची टोकं पाजवायचं, घोड्यांना नाल ठोकायचं. किटल्यांना डाख देणं हे त्याचं काम नव्हेच. पण गावानं ते त्याच्या गळ्यात बांधलं होतं, आणि गावानं एकदा गळ्यात बांधलेलं उतरत नाही. तो किटली हातात घ्यायचा, तिच्याकडे असं बघायचा की तिनंच त्याचं काही वाकडं केलंय, आणि मुकाट्यानं डाख द्यायचा. पाठीमागून कुणीतरी विचारायचं, "किती दिवसांत मिळेल? म्हणजे मिळेल ना?"

हे सगळं एका पुस्तकापायी.

एलिशा विशीत असताना ॲडलेडचे एक भूमापक, लायोनेल स्टॅनबरी, पोर्ट ऑगस्टाहून पश्चिमेला निघाले होते. नकाशावर तिकडे नुसता कोरा कागद होता. मेंढ्यांना चारा आणि माणसाला वाट मिळते का हे बघायचं होतं. बरोबर पाच जण आणि काही घोडे, पण घोड्यांवर पाण्याची पिंपं लादायची असल्यामुळं माणसांनी पायीच जायचं. एलिशाला नालबंद म्हणून घेतलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी आचारी दारू पिऊन पळाला. स्टॅनबरींनी एलिशाच्या हातात पळी दिली आणि म्हणाले, "लोहार आहेस ना? विस्तव तर सांभाळता येतो. बाकी जमेल."

बाकी जमलं नाही. एलिशाच्या भाकरी दगडासारख्या व्हायच्या, हे तो स्वतःही कबूल करायचा. पण दिवसभर इतरांबरोबर चालायचं, मुक्कामाला पोचल्यावर स्वयंपाक करायचा आणि तो आटोपला की घोड्यांचे खूर बघायचे, असं त्यानं महिनोन्‌महिने केलं. खारी तळी आली, कमरेएवढी काटेरी झुडपं आली, लाल वाळूचे उंचवटे एकामागून एक आले. पुढं पाणी संपत आलं. दोन घोडे मेले. माणसांच्या जिभा सुजल्या.

आणि मग ती म्हातारी भेटली. तिथल्या मूळच्या कोकाथा लोकांपैकी असावी, बरोबर दोन-तीन पोरं होती. तिनं या माणसांची तोंडं बघितली, काही न विचारता वळली आणि चालू लागली. हे मागून गेले. एका उघड्याबोडक्या खडकावर सपाट दगड ठेवलेला होता, वर फांद्या. तिनं दगड सरकवला. खाली टाकं होतं, गार पाण्यानं भरलेलं. स्टॅनबरी गुडघ्यांवर बसले आणि रडले. पोट भरून पाणी पिऊन झाल्यावर म्हातारीला काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी सामान पुढं मांडलं. चाकू, रुमाल, मणी. तिनं त्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि किटलीकडे बोट केलं.

एलिशा म्हणाला, "साहेब, दुसरी किटली नाही आपल्याकडे."

"पेंबर्थी," स्टॅनबरी म्हणाले, "पाणीच नसतं तर किटली काय करणार होतास?" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ती उचलून तिला दिली.

एलिशाला ते बोलणं फार आवडलं होतं. साहेबांच्या तोंडून अख्ख्या प्रवासात निघालेलं ते सगळ्यात शहाणं वाक्य, असं तो म्हणायचा.

मंडळी परतली. दोनएक वर्षांनी स्टॅनबरींची रोजनिशी छापून निघाली आणि तिची एक प्रत मूंट्याच्या वाचनालयानं मागवली. गावचा मुलगा त्या सफरीत होता, तेव्हा पुस्तक सगळ्यांनी मिळून ऐकायचं ठरलं. शाळामास्तर ऑलिव्हर नॅन्कॅरो दर गुरुवारी संध्याकाळी सभागृहात एकेक प्रकरण वाचायचे. त्यांचा आवाज चॅपेलमधल्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरातल्या, बाजाच्या पेटीसारखा, खाली लागला की खिडक्या थरथरायच्या. एलिशा पहिल्या रांगेत बसायचा, एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला टॅमझिन. टॅमझिनशी त्याचं लग्न ठरलं होतं.

पहिले दोन गुरुवार पुस्तकात एलिशाचा पत्ताच नव्हता. "येईल, येईल," आई म्हणाली. तिसऱ्या गुरुवारी तो आला. "आज आचाऱ्याने पीठ ओले केले." नाव नाही, नुसता आचारी. पुढं एका ठिकाणी, "आचारी संध्याकाळी गातो. त्याने न गायल्यास सर्वांना विश्रांती मिळेल." एलिशा चॅपेलच्या गायकवृंदात होता. मागून खोकल्यासारखं हसू आलं. घोड्यांच्या नालांबद्दल, ज्यासाठी त्याला नेलं होतं, एक अक्षर नव्हतं.

मग टाक्याचं प्रकरण आलं. एलिशा पुढं सरकून बसला. आता तरी काहीतरी बरं येईल. नॅन्कॅरो मास्तर वाचू लागले: "खडकाची ठेवण पाहून येथे पाणी असावे असे मी ताडले. एक शिळा दूर करताच माझा तर्क खरा ठरला. या टाक्यास मी माझ्या पत्नीचे नाव दिले."

एलिशानं टॅमझिनकडे बघितलं, छताकडे बघितलं. मास्तरांनी पान उलटलं.

"आचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे आमची एकुलती एक किटली हरवली. यापुढे चहा मुरंब्याच्या डब्यात."

सभागृह फुटलं. खाणीतली माणसं, दिवसभर जमिनीखाली राबून आलेली, त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. एलिशा उभा राहिला. "खोटं आहे हे," तो म्हणाला.

"बस खाली, एलिशा," मास्तर चष्म्यावरून म्हणाले. "छापलेलं आहे."

"छापलेलं असलं म्हणून काय झालं? मी होतो तिथं. तुम्ही नव्हतात." आणि त्यानं तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. म्हातारी, पोरं, सपाट दगड, साहेबांनी स्वतः दिलेली किटली. सभागृह अगदी शांत झालं. एलिशाला वाटलं, पटलं.

मागच्या बाकावरून कुणीतरी सावकाश म्हणालं, "म्हणजे किटली बाईला दिलीस होय? टॅमझिनला सांगितलं होतंस का?"

त्या दिवसापासून एलिशा पेंबर्थीचं नाव किटली पेंबर्थी झालं.

लग्नात आहेर म्हणून किटल्याच किटल्या आल्या. तांब्याच्या, पत्र्याच्या, एक तर भातुकलीतली. चॅपेलच्या मुलांच्या सहलीला चहाचं मोठं पातेलं त्याच्या ताब्यात द्यायचे आणि दरवर्षी कुणीतरी ते साखळीनं झाडाला बांधून ठेवायचं. दरवर्षी तीच थट्टा. एका रविवारी उपदेशकानं हरवलेल्या कोकराची गोष्ट सांगितली, हरवलेल्या नाण्याची सांगितली, आणि मग क्षणभर थांबून पेंबर्थी कुटुंबाच्या बाकाकडे नजर टाकली. चॅपेलमध्ये हसायचं नसतं म्हणून लोकांनी ओठ दाबून धरले. त्या दाबलेल्या ओठांचा एलिशाला जास्त संताप आला.

लोकांनी त्याला खोटारडा म्हटलं असतं तर तो दोन हात तरी करता. पण तसं कुणी म्हणत नव्हतं. खरं काय ते कुणाला नकोच होतं. तो जीव तोडून म्हातारीची गोष्ट सांगायचा, ऐकणारा मान डोलवायचा आणि शेवटी म्हणायचा, "ते ठीक आहे रे, पण किटली कुठं पडली असेल असं तुला वाटतं?" एलिशा कपाळाला हात लावायचा.

घरीही तेच. तो जेवताना सुरू झाला की टॅमझिन मांस-बटाटा भरलेल्या पॅस्टीचं ताट पुढं सरकवत मुलांना म्हणायची, "टाकं आलं वाटतं. खाऊन घ्या, थंड होईल." ती त्याला खोटं पाडत नव्हती आणि खरं आहे असंही कधी म्हणत नव्हती. एकदा मात्र, समजूत घालावी म्हणून, ती म्हणाली, "हरवली असली तर हरवली रे. माणसाच्या हातून होतं."

एलिशानं सुरी खाली ठेवली. "माफ केल्यासारखं बोलू नकोस, टॅमझिन. केलंच नाही त्याची माफी कसली?"

"बरं बाबा, नाही हरवली."

"बरं बाबा काय? नाहीच हरवली."

"तेच म्हणतेय ना मी."

अशी वर्षं गेली. मुलं मोठी झाली, थोरला खाणीत लागला. त्यालाही पहिल्याच पाळीला कुणीतरी विचारलं, तू किटलीचाच ना? नॅन्कॅरो मास्तर शाळेतून निवृत्त होऊन वाचनालयाचे अध्यक्ष झाले. आणि एका वर्षी त्यांनी लोहारसाळेत येऊन सांगितलं की रोजनिशीची नवी आवृत्ती निघतेय, स्टॅनबरीसाहेब गावोगाव व्याख्यानं देत फिरताहेत आणि मूंट्याला येताहेत.

"तू व्यासपीठावर बसायचंस," मास्तर म्हणाले. "सफरीतले तुम्ही दोघेच उरलात. आणि वाचनालयाच्या मंडळाचा असा विचार आहे की तू हातात एखादी किटली..."

"मास्तर," एलिशा म्हणाला, "माझ्या हातात आत्ता घण आहे."

मास्तर गेले. घरी येऊन एलिशानं जाहीर केलं की तो व्याख्यानाला जाणार नाही. टॅमझिन कणीक मळत होती. "जाशील," ती म्हणाली. "आणि आधी त्यांना आपल्याकडे चहाला बोलावशील. इतकी वर्षं भिंतींशी भांडलास. एकदा त्या माणसाशी भांडून घे, म्हणजे आम्ही सुटलो."

स्टॅनबरीसाहेब आले तेव्हा एलिशा त्यांना ओळखेचना. ताठ, उंच माणूस होता तो. आता काठी, थरथरते हात, आणि काखेत ते पुस्तक. बैठकीच्या खोलीत शिरताच त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि एलिशाचे दोन्ही हात धरले. "पेंबर्थी. तुझे नाल नसते तर एकही घोडा परत आला नसता. मी नेहमी सांगतो लोकांना."

एलिशानं सत्तावीस वर्षं घोकलेलं भाषण तसंच राहिलं. हे वाक्य त्या पुस्तकात कुठंही नव्हतं. मनात तो आणखीच वैतागला. माणूस भांडायला तयार होऊन बसावा आणि समोरच्यानं आधीच गोड बोलावं, याला काय म्हणायचं?

टॅमझिननं केशराचा केक कापला. चहा ओतला. एलिशानं घसा साफ केला. "साहेब, ती किटली."

स्टॅनबरी हसले. "अरे, विसर आता. मी कधीच माफ केलं."

एलिशानं खुर्चीचे हात घट्ट धरले. "माफ काय केलंत? किटली तुम्ही दिलीत. त्या म्हातारीला. पाणी दाखवलं म्हणून."

"मी दिली?" म्हाताऱ्यानं खरोखर आठवून बघितलं. कपाळावर आठ्या आल्या. "नाही रे. रोजनिशीत तसं नाही."

"रोजनिशी तुम्हीच लिहिलीत ना?"

"तेच तर म्हणतोय. मी लिहिली, म्हणजे मला ठाऊक असणार." त्यांनी पुस्तक उघडलं, बोटानं ओळ शोधली आणि ती एलिशापुढं धरली, जणू तिसऱ्याच कुणा विश्वासू माणसाची साक्ष. "हे बघ. आचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे. इतकं स्पष्ट आहे."

एलिशानं टॅमझिनकडे बघितलं. म्हाताऱ्याच्या तोंडावर लबाडीचा मागमूस नव्हता. इतकी वर्षं स्वतःचंच पुस्तक वाचून वाचून त्याच्या डोक्यात आता तेवढंच उरलं होतं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? एलिशा केकचे तुकडे करत राहिला, खाल्ला नाही.

हे बरं दिसेना, म्हणून टॅमझिननं आपलं यजमानीण विचारते तसं विचारलं, "त्या बाईबरोबर लहान मुलं होती म्हणे, साहेब? अशा रानात लहान पोरं कशी राहत असतील?"

"होती ना," स्टॅनबरींचा चेहरा एकदम उजळला. "एक एवढंसं पोर होतं. म्हातारीनं किटली त्याच्या हातात दिली तर त्यानं तिच्या चोचीला तोंड लावलं आणि भोंग्यासारखी फुंकली. असला आवाज निघाला की घोडे बिचकले. आम्ही किती दिवसांनी हसलो, नाही का रे, पेंबर्थी?"

टॅमझिनचा चहा ओतणारा हात थांबला. "कुठली किटली, साहेब?"

"आमचीच. दुसरी कुठली असणार तिथं?" ते म्हणाले आणि केकचा आणखी एक तुकडा घेतला. तो तोंडाशी नेता नेता थांबले. हळूच पुस्तक जवळ ओढलं. एक पान मागं, एक पान पुढं. "हे मी लिहिलं नाही वाटतं," ते म्हणाले.

"नाही लिहिलंत," एलिशा म्हणाला.

"म्हातारीचंच लिहिलं नाही."

"नाही."

स्टॅनबरींनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "आज सांगायला हवं."

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. एलिशा व्यासपीठावर बसला होता, हात रिकामे ठेवून. स्टॅनबरी उभे राहिले आणि दोन शब्द तोंडी बोलून अडखळले. पुढचं सुचेना. तेव्हा मास्तरांनी मदतीला म्हणून त्यांच्यापुढं पुस्तक उघडून ठेवलं. तिथंच घोटाळा झाला. छापील ओळ दिसली की म्हाताऱ्याचा आवाज तिच्यावरून आपोआप चालू लागायचा, जुना घोडा ओळखीच्या वाटेनं चालतो तसा. खारी तळी गेली, मेलेले घोडे गेले. "खडकाची ठेवण पाहून," त्यांनी वाचलं. "माझा तर्क खरा ठरला." आणि मग, "आचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे."

इतकंच पुरे होतं. पुढचं सभागृहानंच एका सुरात पूर्ण केलं आणि टाळ्या वाजवल्या. स्टॅनबरी थांबले. बोट त्या ओळीवर तसंच, मान एलिशाकडे वळलेली. "इथं दुसरं काहीतरी होतं," ते म्हणाले. पण ते फक्त व्यासपीठावर ऐकू गेलं. मास्तरांना वाटलं जागा चुकली. त्यांनी पान उलटून दिलं. म्हाताऱ्यानं नव्या पानाकडे बघितलं आणि वाचायला लागला.

एलिशा उठणार होता. पण उठला नाही. इतक्या वेळा उठून झालं होतं.

तेवढ्यात खाली तिसऱ्या रांगेत टॅमझिन उभी राहिली. "थांबा जरा," ती म्हणाली. तिनं दुपारी ऐकलेलं सगळं सांगितलं. पोर, चोच, भोंगा, बिचकलेले घोडे. साहेबांच्या स्वतःच्या तोंडचं आहे, तिनं बजावलं, आणि साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब मान हलवत होते. पण ते गेला अर्धा तास सगळ्यालाच मान हलवत होते.

शेजारच्या रांगेतली एक बाई प्रेमानं म्हणाली, "बस गं, टॅमझिन. नवऱ्याची बाजू घ्यायलाच हवी. माझ्या नवऱ्याबद्दल कुणी बोललं तर मीपण घेईन."

टॅमझिन खाली बसली.

घरी जाताना ती इतकी भराभरा चालत होती की एलिशाला धावावं लागलं. "डोकी आहेत की बटाटे?" ती म्हणत होती. "समोर माणूस उभा आहे, त्याच्या तोंडचं सांगतेय मी, आणि म्हणे नवऱ्याची बाजू."

"इतकी वर्षं मी हेच सांगतोय तुम्हा सगळ्यांना."

"सांगत होतास. पण सांगताना इतका चिडायचास की चोरच वाटायचास."

थोडं पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "त्या म्हातारीचं नाव काय होतं?"

"कुणी विचारलं नाही."

"तूपण नाही?"

"मीपण नाही. पाणी पीत होतो."



स्टॅनबरीसाहेब पुढच्या हिवाळ्यात वारले. नवी आवृत्ती त्यांच्या भेटीआधीच छापून झाली होती, तीत सगळं होतं तसंच होतं. नकाशावर टाकंही त्यांच्या बायकोच्याच नावाचं राहिलं. एलिशाचा राग मात्र त्यानंतर पहिल्यासारखा पेटेना. घरात एका माणसाला पटलं होतं, तेवढ्यानं त्याची निम्मी धग गेली. एखादी किटली डाख द्यायला आली तर ती हरवणार नाही असं तो स्वतःच सांगून टाकायचा.

पण सुख कसलं? आता टॅमझिननं ते प्रकरण हातात घेतलं. चॅपेल सुटलं की ती ओसरीत कुणाला तरी गाठायची. नवा उपदेशक, दुसऱ्या खाणीवरून आलेली कुटुंबं, ज्यांना किटलीचं काही ठाऊकही नव्हतं अशी माणसं. आणि सांगायची तेही चुकीचं. तिच्या गोष्टीत म्हातारीबरोबर पोरांचा तांडा असायचा, घोडे एकूण एक मेलेले असायचे, आणि एलिशा स्वतः किटली देऊ करायचा.

"मी नाही दिली," एलिशा बाजूला उभा राहून म्हणायचा. "साहेबांनी दिली. मी नको म्हणालो होतो."

"तू गप्प बस, एलिशा. मी तुझ्याच बाजूनं बोलतेय."

"पण घोडे दोनच मेले होते."

ऐकणारा माणूस एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायचा. मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणायचा, "तुमचं दोघांचं आधी एक ठरू द्या." आणि घरी जेवायला निघून जायचा.